सत्तर हजारांचा वॉकमन, वीस रुपयांची गाणी

"ऐकलंस का?" काकूंनी वाळत घातलेल्या चादरीआडून विचारलं.

आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये छातीएवढी कंपाउंडची भिंत आहे. तिच्यापलीकडून 'ऐकलंस का' आलं की इकडची पाण्याची नळी बंद करायची असते, हे मिरजेत राहायला आल्याबरोबर मी शिकले.

"काय झालं काकू?"

"समोरच्यांच्या नातवानं वॉकमन घेतलाय. सत्तर हजारांचा."

"सात हजारांचा असेल."

"सत्तर. त्याच्या आजीनं स्वतः सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, म्हणजे खरंच असणार."

मी फोनवर शोधलं. आजी खरं बोलत होत्या. सोनीनं २०२३ साली भारतात आणलेला एनडब्ल्यू-झेडएक्स ७०७, तेव्हाची किंमत ६९,९९० रुपये. पाच इंची पडदा, आत अँड्रॉइड, वायफाय, गाण्यांची अ‍ॅपं, सगळं आहे.

"अगं मग हा फोनच की!"

"नाही काकू, यात सिम जात नाही. कॉल करता येत नाही."

"म्हणजे फोनातला फोन तेवढा काढून टाकला, त्याचे सत्तर हजार?" काकूंनी चादर दुसऱ्या दोरीवर सरकवली. आता त्या पूर्ण दिसायला लागल्या, म्हणजे विषय लवकर संपणार नव्हता.

काकूंना या विषयावर बोलायचा हक्क आहे. त्यांच्या यजमानांचं स्टेशन रोडला दुकान होतं. आधी कॅसेटचं, मग सीडीचं, मग मोबाईल रिचार्ज आणि 'गाणी भरून मिळतील'चं. दुपारी काका जेवून आडवे झाले की गल्ल्यावर काकू बसायच्या. मासिकांतून आपण वाचलं की आयपॉडनं जग जिंकलं, मग आयफोननं आयपॉडला खाल्लं. काकूंनी हीच लढाई काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिली, आणि त्यांचा निकाल वेगळा आहे. त्यांच्या मते या भांडणात ना फोन जिंकला ना आयपॉड. जिंकली ती चिप.

चिप म्हणजे मेमरी कार्ड. आमच्याकडे त्याला दुसरं कुणी काही म्हणत नाही.

"पण चिपच्या आधीही तुम्ही गाणी भरूनच द्यायचात ना?"

"तेच तर सांगते. लोकांना वाटतं मोबाईल आला आणि हा धंदा निघाला. अगं, साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणि चतकोर कागदावर गाण्यांची यादी घेऊन लोक यायचे, ते कॅसेटच्या काळापासून. ए बाजूला सहा, बी बाजूला सहा. एखादं गाणं शेवटी कापलं गेलं की भांडायला परत यायचे. मग एमपीथ्री सीडी आली. एका तबकडीत दीडशे गाणी. तेव्हा यादी लिहिणं बंद झालं, लोक नुसतं म्हणायला लागले, जुनी भरा. मग चिप. भांडं बदललं गं, भरणारे आम्हीच."

हे कायदेशीर नव्हतं, हे काकूंना माहीत आहे आणि त्या ते लपवतही नाहीत. गायक, संगीतकार, कंपनी यांच्या हातात त्यातला एक पैसा पडला नाही. पुढे संगीत कंपन्यांनीच असल्या दुकानदारांना परवाने द्यायला सुरुवात केली. तोवर मधल्या काळात कुठं छापा पडल्याची कुणकुण लागली की दुकानातला कॉम्प्युटर टेबलासकट घरी यायचा. तो कसा यायचा, हा वेगळ्या गप्पांचा विषय आहे.

मी म्हटलं, "वॉकमन पहिल्यांदा कधी पाहिलात?"

"दुबईहून कुणीतरी आणलेला. कॅसेटचा, पट्ट्याला अडकवायचा."

सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ला जपानात विक्रीला आला. किंमत ३३,००० येन. त्याला हेडफोन लावायची भोकं दोन होती आणि बोलण्यासाठी एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. सोनीच्या अकिओ मोरितांना काळजी होती की माणसानं एकट्यानंच कानात घालून ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल. म्हणून दोन भोकं.

"शहाणा माणूस," काकू म्हणाल्या. "आणि आता बघ, एकाच घरात चौघं चार दिशांना, कानात बोळे घालून."

"ते बोळे विकून तुमचं दुकान चाललं, काकू."

"चाललं की. रिचार्जमध्ये कुठं काय सुटायचं? खरा पैसा इअरफोनमध्ये. तीन महिन्यांत एका कानाचा जायचाच."

खरी गंमत सुरू झाली २००५च्या सुमारास. सोनी एरिक्सननं डब्ल्यू ८०० हा फोन आणला. पांढरा, नारिंगी कडांचा, आणि त्यावर वॉकमनचं चिन्ह. म्हणजे जी कंपनी गाण्यांचं यंत्र विकत होती, तिनंच आपलं नाव फोनला दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात मोटोरोलानं रोकर नावाचा फोन काढला. त्यात अ‍ॅपलचं आयट्यून्स होतं, पण गाणी जास्तीत जास्त शंभर. कार्डात जागा असली तरी शंभरच. आणि ज्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्जनं हा फोन लोकांना दाखवला, त्याच कार्यक्रमात जीन्सच्या त्या छोट्या खिशातून त्यानं नवाकोरा आयपॉड नॅनो बाहेर काढला. टाळ्या कुणाला पडल्या असतील ते सांगायला नको.

"म्हणजे भाच्याच्या बारशाला जायचं आणि तिथं आपलंच पोर मिरवायचं," काकू म्हणाल्या.

त्यावेळी जाणकार मंडळी छातीठोकपणे सांगत होती की फोन हा फोनच राहील. गाण्यांसाठी वेगळं यंत्र लागणारच, कारण फोनचा आवाज बारीक, बॅटरी लहान आणि जागा कमी. तिन्ही मुद्दे खरे होते. २००१च्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबीची हार्ड डिस्क होती, हजार गाणी मावत. डब्ल्यू ८००सोबत ५१२ एमबीचं कार्ड यायचं. एका मिनिटाला साधारण एक एमबी हा दुकानदारांचा हिशोब धरला तर शंभरेक गाणी. कागदावर आयपॉड दहापट मोठा. मिरजेत मात्र त्याची डाळ शिजली नाही. का, ते काकूंकडूनच ऐका.

"मागच्या गल्लीत एक सर होते, रिटायर. मुलगा अमेरिकेत. त्यानं आयपॉड पाठवला, आत भीमसेन, कुमार, माणिक वर्मा सगळं भरून. सर खूश. सहा महिन्यांनी दुकानात आले, म्हणाले, तीच तीच गाणी ऐकून कंटाळलो, यात जरा नाट्यगीतं घाला. मी ते उलटंपालटं करून बघतेय, चिप घालायला खाचच नाही! मागून आरशासारखं गुळगुळीत. मग आमच्या ह्यांनी ते आमच्या कॉम्प्युटरला जोडलं. तर ते विचारतंय, आधीची सगळी गाणी पुसू का? सरांचा चेहरा पडला. म्हणाले, नको नको, राहू द्या, पोरगा आला की भरेल."

"मग?"

"पोरगा दोन वर्षांतून एकदा यायचा."

हे यंत्राचं दुखणं नव्हतं, ते तसंच बांधलेलं होतं. आयपॉड एका कॉम्प्युटरशी, एका आयट्यून्सशी लग्न लावून येई. दुसऱ्याकडं गेला की आधीचा संसार मोडायची भाषा. ज्या घरात कॉम्प्युटर आणि इंटरनेट दोन्ही आहे तिथं ते सोयीचं. आमच्याकडे २००६-०७ला कॉम्प्युटर होता तो दुकानात, आणि घरोघरी होता तो फोन.

नोकियानं ही नस बरोबर पकडली. ३२५०, ५३००, मग ५३१०, सगळे एक्सप्रेसम्युझिक, बाजूला गाण्याची बटणं. ५३१० तर पट्टीसारखा बारीक, कडेला लाल किंवा निळी रेघ, आणि वर साधा साडेतीन मिलिमीटरचा इअरफोन चालणारं भोक. आतली चिप मायक्रोएसडी, कुठंही मिळणारी. सोनी एरिक्सनचा आवाज चांगला होता, हे काकूसुद्धा मान्य करतात. पण त्याचं कार्ड वेगळं, कार्ड-रीडर वेगळा, आणि इअरफोन खालच्या रुंद पिनेचा. "गिऱ्हाईक समोर उभं आणि मी ड्रॉवरमध्ये त्यांचा तो रीडर शोधतेय," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोरांची चिप दुसऱ्या कुणाच्या फोनात चालायची नाही. मग घेऊन करायचं काय?"

काकूंचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे. गाणी यंत्रात नव्हतीच, ती चिपमध्ये होती. चिप फोनातून काढायची आणि रिक्षाच्या टेपात घालायची. तिथून भाऊबीजेला आलेल्या मेहुण्याच्या फोनात. गणपतीत मंडळाच्या डबड्याला. दोन जीबीत चारशे गाणी, भरून द्यायचे वीस-तीस रुपये. फोन बिघडला, हरवला, बदलला, तरी चिप वाचली तर गाणी वाचली. शिवाय ब्लूटूथ होतंच. कट्ट्यावर दोन पोरं फोनला फोन चिकटवून एका गाण्यासाठी पाच-पाच मिनिटं उभी असायची. त्या काळातल्या आयपॉडला ना खाच, ना ब्लूटूथ, ना एफएम. एफएम आलं ते २००९च्या नॅनोत. नोकियाच्या साध्यासुध्या फोनात ते कधीचंच होतं, फक्त इअरफोन लावावा लागायचा, कारण त्याची वायर हीच एरियल.

"आणि ते चायनाचे?" मी मुद्दाम विचारलं, कारण मला माहीत होतं काय येणार.

काकूंनी कानांवर हात ठेवले. "चार-चार स्पीकर, वर लाल-हिरवे दिवे, दोन सिम. दुकानात एकानं वाजवून बघितला की शेजारच्या कापडवाल्याची बाई आत येऊन ओरडायची. एसटीत तर मागच्या सीटवर एक, पुढच्या सीटवर दुसरा, आणि गाणं दोघांचं वेगळं!"

त्यातल्या पुष्कळ फोनांना धड आयएमईआय क्रमांकच नव्हता, आणि २००९च्या अखेरीस सरकारनं असे फोन बंद पाडायला लावले. पण गावोगावच्या लोकांना 'फोन म्हणजे गाण्याचा डबा' ही सवय लावली ती त्यांनीच, नोकियाच्या बरोबरीनं. एसटीतल्या त्या कलकलाटाबद्दल मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

"पण एक सांगू?" काकू भिंतीला टेकल्या. "वेगळा प्लेअर अजिबात चालला नाही असं नाही हं. एका ठिकाणी तो फोनपेक्षा जास्त खपला."

"कुठं?"

"मिशन हॉस्पिटलला."

मिरजेला वानलेसांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि त्याच्या आजूबाजूला नंतर दवाखान्यांची रांगच्या रांग उभी राहिली. उत्तर कर्नाटकातून, सोलापूरकडून पेशंट येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर बाकड्यावर, आठ-आठ दिवस. त्यांना वेळ काढायला गाणी हवी असत, कन्नड, मराठी, अभंग, जे ज्याचं असेल ते. पण फोनवर गाणी लावायला ते भीत.

"का?"

"बॅटरी. चार्जिंगला प्लग कुठं मिळायचा? गाणी ऐकत बसलं आणि फोन बंद पडला, आणि तेवढ्यात वरून डॉक्टरांचा फोन आला तर? गावाकडचा फोन आला तर? म्हणून ते दीडशे-दोनशेवाले चौकोनी प्लेअर घेऊन जायचे. आगपेटीएवढे, शर्टाला चिमटा, आणि त्याला खाच असायची! तीच फोनातली चिप काढायची, त्यात घालायची. आयपॉड शफलची नक्कल गं, पण अस्सलपेक्षा शहाणी. माझ्याकडून शंभरेक तरी गेले असतील."

मला हे फार आवडलं. जगातल्या तज्ज्ञांनी फोनविरुद्ध जो बॅटरीचा मुद्दा मांडला होता, तो बरोबर निघाला होता, फक्त मिरजेच्या एका बाकड्यापुरता.

आवाजाचा मुद्दाही बरोबर होता. सतारमेकर गल्लीतले एक कारागीर काकूंच्या दुकानात यायचे. एकदा त्यांना काकांनी कौतुकानं चिपवरचं खाँसाहेबांचं गाणं ऐकवलं, खाँसाहेब म्हणजे इथं अब्दुल करीम खाँच, दुसरे नाहीत. त्यांनी इअरफोन काढला आणि सांगितलं, "पुढचं एखादं नवीन रेकॉर्डिंग लाव." ते ऐकलं आणि म्हणाले, "तंबोऱ्याची जवारी कुठं गेली?"

काकांना वाटलं वायर खराब आहे. वायर ठीक होती. एमपीथ्री करताना माणसाच्या कानाला जाणवणार नाही असं जे वाटतं ते गाळून फाइल लहान केली जाते, आणि १२८ केबीपीएसच्या किंवा त्याहून हलक्या फाइलमध्ये वरचे बारीक स्वर सर्वांत आधी जातात. जवारी म्हणजे नेमके तेच, तारेतून उठणाऱ्या वरच्या स्वरांची कोवळी झुंबड. ज्याचं आयुष्य तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून ती जवारी उघडण्यात गेलं, त्याला ती गेलेली कळणारच. बाकी गिऱ्हाइकांपैकी एकानंही कधी तक्रार केली नाही. दोन जीबीत चारशेऐवजी दोनशे गाणी मावली असती तर मात्र शंभरांनी केली असती.

"मग त्या नातवाचं काही चुकलं नाही म्हणायचं," मी समोरच्या बंगल्याकडं बघत म्हटलं. "त्याला ती जवारी ऐकायची असेल."

"तो काय ऐकतो ते मी ऐकलंय," काकू म्हणाल्या. "त्यात जवारी नाही."

चिपचं राज्य संपलं ते एका आठवड्यात, असं म्हटलं तरी चालेल. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं, सुरुवातीला डेटा फुकट. दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, अमेरिकेत अ‍ॅपलनं आयफोन ७ दाखवला आणि त्यातून इअरफोनचं भोकच काढून टाकलं. एकीकडं गाणी भरायची गरज गेली, दुसरीकडं वायरची. दुकानात गाण्यांना येणारं गिऱ्हाईक वर्षभरात थांबलं, काकूंनी तो कॉम्प्युटर भंगारात दिला.

आयपॉड त्याआधीच उतरणीला लागला होता. २००८च्या आर्थिक वर्षात तो ५ कोटी ४८ लाख खपला, तो त्याचा कळस. त्याला उतरवलं ते नोकियानं नाही, स्वतःच्या घरातल्या आयफोननं. २००७च्या जानेवारीत जॉब्जनं आयफोनची ओळख करून देताना पहिलं काय सांगितलं असेल तर हा मोठ्या पडद्याचा आयपॉड आहे, हे. शेवटचा आयपॉड टच बंद केल्याचं मे २०२२मध्ये जाहीर झालं.

"आणि माझा कारवाँ?" काकूंनी विचारलं. त्यांच्या स्वयंपाकघरातून तो रोज सकाळी आमच्याकडे ऐकू येतोच. सारेगामानं २०१७ला काढलेला, पाच हजार जुनी गाणी आतच भरलेली, रेडिओसारखी गोल बटणं. मुलानं दिवाळीला दिला.

"काकू, त्या कंपनीनं २०२२ला कारवाँचा फोन काढला. बटणांचा, दीड हजार गाणी आतच भरलेली."

काकू बघतच राहिल्या. "म्हणजे फोनात गाणी घातली म्हणून आयपॉड गेला, आणि त्याच वर्षी गाण्यांच्या डब्यात फोन घातला?"

"त्याच वर्षी."

"आणि समोरचा फोनातून फोन काढून बसलाय." काकूंनी हात झटकले. "तुम्हा लोकांचं काही खरं नाही. तरी मी सांगते, कारवाँला यूएसबीची खाच आहे म्हणून मी तो ठेवलाय. खाच नाही ते माझ्या घरात चालत नाही."

मग त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत जुन्या चिपा. गिऱ्हाइकांनी बदलून घेताना सोडून दिलेल्या, काही घरच्या. त्यातल्या एकीत त्यांच्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, नोकियावर रेकॉर्ड केलेल्या. सासूबाई आता नाहीत. ती चिप मी माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली. अर्ध्या फाइली उघडल्या, अर्ध्या नाहीत.

हे चिपचं दुखणं मात्र काकूंनाही माहीत नव्हतं. तिच्यात साठवलेला विद्युतभार न वापरता पडून राहिला की वर्षागणिक गळत जातो, आणि त्याच्याबरोबर फाइलही. फिल्मी गाणी गेली तर काही बिघडत नाही, ती सगळ्या अ‍ॅपवर आहेत. पण २००८-१०च्या त्या चिपांवर लोकांनी नुसती गाणी भरली नव्हती. भजनी मंडळाचा रियाज, आजीची ओवी, बारशाचा पाळणा, वडिलांचा आवाज असं पुष्कळ काही फोनवर टिपून त्यांच्यातच ठेवलं होतं, आणि ते दुसरीकडं कुठंही नाही. तेव्हा तुमच्या ड्रॉवरात, शिवणाच्या डब्यात, देवघराच्या खणात अशी जुनी चिप असेल तर ती याच आठवड्यात बाहेर काढा, साधा कार्ड-रीडर शंभर-दीडशेला मिळतो, आणि चिपमध्ये जे आहे ते दोन ठिकाणी उतरवून ठेवा.